‘एकदा लग्न करून टाका, होईल सगळं ठीक!’

आपल्याकडे जशी दिवाळी, तसा चीनमध्ये वसंतोत्सव. चंद्राच्या तिथीवर येतो. कधी जानेवारीच्या अखेरीस, कधी फेब्रुवारीत. आगगाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते. शहरात नोकरी करणारा मुलगा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभा राहतो, आई त्याच्या आवडीचं करून वाढते, आणि जेवणं आटोपली की तो ठरलेला प्रश्न येतो. आत्या विचारते, मामी विचारते, शेजारची आजी विचारते, “मग? यंदा तरी सून आणणार की नाही?”

तिशी गाठलेल्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न नकोसा होतो. पण ज्याचं मन मुलींकडे ओढच घेत नाही, ज्याला जीव लावावासा वाटतो तो दुसऱ्या एका पुरुषाला, त्याला हा प्रश्न कसा ऐकू येत असेल? तिथं काही मुलं सणाच्या चार दिवसांपुरती चक्क पैसे देऊन मैत्रीण भाड्यानं आणतात आणि आईसमोर उभी करतात. काही जण “रजा मिळाली नाही” अशी थाप मारून शहरातल्या खोलीत एकटे राहतात. आई तिकडे रडते, मुलगा इकडे.

चीनमधल्या या समलिंगी मुलांच्या आणि पुरुषांच्या मनाच्या दुखण्याविषयी आज लिहायचं आहे. हा विषय आपल्या पानांत कशाला, असं एखादीला वाटेल. थोडं पुढं वाचलंत तर ध्यानात येईल, की ही गोष्ट जितकी त्या पुरुषांची आहे तितकीच त्यांच्या आयांची आहे, आणि त्यांच्या गळ्यात बांधल्या गेलेल्या बायकांची तर आहेच आहे.

नुसता उदासपणा नव्हे

आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो ते म्हणजे दोन दिवसांचं वाईट वाटणं नव्हे. दोन आठवडे, महिना, सहा महिने मन उठतच नाही. भूक जाते, नाहीतर माणूस खातच सुटतो. पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच. आवडीच्या गोष्टींत रस उरत नाही, आणि आपण कुणाच्या उपयोगाचे नाही ही एकच टकळी डोक्यात चालू राहते. चिंताविकाराचं सोंग वेगळं. त्यात छाती धडधडते, पोटात गोळा येतो, हातापायांना घाम फुटतो, आणि काहीतरी वाईट होणार या धास्तीत दिवस जातो. पुष्कळदा ही दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या मानगुटीवर बसतात.

चीनमध्ये मनाचं दुखणं सांगायची पद्धतच नव्हती. ‘डोकं दुखतं, चक्कर येते, झोप नाही, अशक्तपणा आहे’ असंच लोक सांगत, आणि डॉक्टरही ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं नाव देऊन मोकळे होत. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९८० मध्ये हूनान प्रांतात असे शंभर रोगी तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना मुळात डिप्रेशनच होतं. आपल्याही घरोघरी वर्षानुवर्षं डोक्याला बाम चोळणाऱ्या बायका आहेत, त्यामुळे याचं आपल्याला फारसं नवल वाटू नये.

आता थोडे आकडे. चीनमध्ये देशभर मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. प्रौढांपैकी ६.८ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन आणि ७.६ टक्के लोकांना चिंताविकार झालेला आढळला. समलिंगी पुरुषांच्या निरनिराळ्या पाहण्या संशोधकांनी एकत्र मांडल्या, तर डिप्रेशनची लक्षणं असलेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं आणि चिंतेची लक्षणं जवळजवळ तिघांत एकाला. हे दोन हिशेब सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. पहिला प्रशिक्षित माणसांनी मुलाखती घेऊन काढलेला, दुसरा मुख्यतः प्रश्नावल्या भरून घेऊन. तरी एवढं अंतर काही नुसत्या मोजमापानं पडत नाही.

मग समलिंगी असणं हाच रोग म्हणायचा का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच तो शब्द रोगांच्या यादीतून काढून टाकला. खुद्द चीनमध्येही १९९७ साली फौजदारी कायद्यातलं ‘गुंडगिरी’चं मोघम कलम रद्द झालं. त्याच कलमाखाली पूर्वी अशा पुरुषांना पकडत असत. पुढं २००१ मध्ये चिनी मनोविकारतज्ज्ञांनीही आपल्या यादीतून समलिंगी असणं वगळलं. मात्र एक फट ठेवली. स्वतःच्या अशा असण्याचा ज्याला त्रास होतो, त्याला रोगी म्हणायची सोय राहिली. आता सांगा, चहूबाजूंनी बोल लावले जात असताना कुणाला त्रास होणार नाही?

रोग आहे तो लपवाछपवीत. एखादी गोष्ट आयुष्यभर, रोज, प्रत्येकापासून लपवायची म्हणजे मनावर सततचा पहारा. ऑफिसातल्या गप्पांत ‘रविवारी कुठं गेला होतास’ या साध्या प्रश्नालाही उत्तर जपून द्यायचं. चिनी भाषेनं या बाबतीत त्यांच्यावर एक उपकार केला आहे. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, ‘था’. त्यामुळे “था आजारी होता, मी थाच्यासाठी सूप केलं” असं आईला फोनवर सांगता येतं आणि बिंग फुटत नाही. आपल्या मराठीत ही सोयच नाही, ‘आला’ की ‘आली’ हे क्रियापदच सांगून टाकतं. पण लिहिताना चिनीतही दोन अक्षरं निराळी आहेत, म्हणजे पत्रात, निरोपात पुन्हा सावध राहणं आलंच. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं तिथल्या संस्थांच्या मदतीनं सुमारे तीस हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेत किंवा कामाच्या जागी आपण कोण आहोत हे उघड सांगणारे त्यात जेमतेम पाच टक्के होते. घरी सांगणारे फार तर पंधरा.

एकुलता एक

चिनी घरात आईवडिलांविषयीच्या कर्तव्याला केवढं महत्त्व! त्यांच्या भाषेत त्याला ‘श्याव’ म्हणतात. मेंशियस या प्राचीन आचार्यांनी तर वंश न चालवणं हा मुलाचा सगळ्यात मोठा अपराध ठरवला होता. पूर्वी घरात चार भाऊ असत, एकाचं नाही झालं लग्न तर खपून जाई. पण १९८० च्या सुमारास ‘एकच मूल’ हे धोरण आलं आणि २०१५ संपेपर्यंत टिकलं. या पस्तीस वर्षांत शहरांत जन्मलेला मुलगा बहुधा एकुलता एक. दोन आजोबा, दोन आज्या, आई, वडील, अशा सहा माणसांच्या आशा एकट्या जिवावर. त्यानं ‘मला लग्न करायचं नाही’ म्हटलं की सहाजणांचं घर बुडतं. शिवाय चारचौघांत तोंड दाखवायची लाज. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप मुलामुलींचं वय, उंची, पगार, घर आहे की नाही हे कागदावर लिहून छत्र्यांना चिकटवून बसतात. मुलांना बहुधा ठाऊकही नसतं. आपल्या वधूवर मेळाव्यांचाच प्रकार, फक्त नवरानवरी गैरहजर!

अशा घरातला मुलगा शेवटी मान तुकवतो. ‘लग्न झालं की बदलेल’ असं आई म्हणते, आणि कित्येकदा तोही मनापासून तशीच आशा करत असतो. म्हणून त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एका दुखण्याची दोन दुखणी होतात ती इथंच.

‘थोंगछी’

चिनी भाषेत कॉम्रेडला ‘थोंगझी’ म्हणतात. साम्यवादी पक्षाचा हा शब्द समलिंगी पुरुषांनी हळूच स्वतःसाठी उचलला. त्यावरून अशा पुरुषाच्या बायकोला नाव पडलं ‘थोंगछी’. मराठी कानाला ते ‘छी’ भलतंच लागतं, पण चिनीत त्याचा अर्थ साधा आहे, बायको.

छिंगताव शहरातले डॉक्टर चांग पैच्वान यांनी समलिंगी पुरुषांच्या आरोग्यावर आयुष्यभर काम केलं. १९९८ पासून ते त्यांच्यासाठी एक पत्रिकाही काढत. अशा बायकांची संख्या चीनमध्ये एक कोटी साठ लाखांच्या घरात असावी असा त्यांचा अंदाज २०१२ च्या सुमारास सगळीकडे छापून आला. तो अंदाजच आहे, मोजदाद नव्हे. पण २०१६ च्या त्याच पाहणीत लग्न झालेल्यांपैकी पाचांत चारहून अधिक जणांचा जोडीदार समलिंगी नसलेलाच होता, हे पाहिलं म्हणजे अंदाज अगदी हवेतला वाटत नाही.

या बायका काय सांगतात? नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पगार हातात देतो. सासूबाई म्हणतात, “एवढा गुणाचा नवरा मिळालाय, आणखी काय हवं?” पण मूल झालं आणि जवळीक संपली. कधीकधी तर ती सुरूच झाली नव्हती. ती स्वतःत खोट शोधू लागते. मी जाड झाले का? मी दिसायला बरी नाही का? वर्षानुवर्षं ती असा विचार करत राहते, आणि एके दिवशी नवऱ्याच्या फोनवर एखादा निरोप दिसतो. काहीजणींना त्या धक्क्याबरोबर लागणीची तपासणीही करून घ्यावी लागते. माहेरी सांगायची सोय नाही. घटस्फोट मागावा, तर नवरा समलिंगी असणं हे लग्न मुळापासून रद्द करायला कायद्यानं कारण धरलेलं नाही, आणि मूल कुणाकडे जाणार ही धास्ती उरतेच. २०१२ मध्ये अशाच एका उच्चशिक्षित तरुण पत्नीनं जीव दिला, तेव्हा कुठं वर्तमानपत्रांनी या बायकांकडे पाहिलं. तोवर त्यांनी स्वतःच एकमेकींना गाठायला सुरुवात केली होती. त्यांची पहिली बैठक २००९ मध्ये छिंगतावमध्ये भरली आणि तिथून त्यांनी समाजाला आवाहन केलं, आमच्यावर ही लग्नं लादू नका. ली यिन्हे या नामवंत समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये पतीच्या बरोबरीनं चीनमधल्या समलिंगी पुरुषांवर पहिलं महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या या बाईही बायकोला अंधारात ठेवून केलेल्या लग्नाला मात्र ठाम विरोध करतात.

नवऱ्याचं काय होतं? दिवसा ऑफिसात सोंग, रात्री घरात सोंग. आता लपवायचं एक माणूस चोवीस तास शेजारी आहे, आणि त्या माणसाचा आपण घात केला ही टोचणी वेगळी. लग्नाआधी ज्याला अधूनमधून झोप लागत नव्हती, त्याची झोप कायमची उडते.

काही जण यावर एक तोड काढतात. समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री ठरवून एकमेकांशी नावापुरतं लग्न करतात. निदान फसवणूक कुणाची नाही. वरात, फोटो, आहेर सगळं रीतसर, आणि राहायचं आपापल्या जोडीदाराकडे. पण सासूबाई चार दिवस राहायला आल्या की कपाटात कुणाचे कपडे लावायचे इथपासून तयारी. आणि वर्ष उलटलं की दुसरा प्रश्न हजर, “पाळणा कधी हलणार?”

बरं करण्याचे उद्योग

‘बरा करून देतो’ म्हणणाऱ्यांचंही तिथं पेव फुटलं आहे. चोंगचिंगमधल्या एका दवाखान्यात एका तरुणाला संमोहनाबरोबर विजेचा झटका देण्यात आला. तो कोर्टात गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयानं समलिंगी असणं हा रोग नाही असं सांगून दवाखान्याला ३,५०० युआन भरपाई द्यायला लावली. दुसरी हकीकत हेनान प्रांतातली. २०१५ मध्ये एका माणसानं बायकोला आपलं खरं काय ते सांगितलं आणि घटस्फोट मागितला. बायकोनं आणि नातेवाइकांनी मिळून त्याला मनोरुग्णालयात टाकलं. ‘लैंगिक आवडीचा विकार’ असं कागदावर लिहून त्याला १९ दिवस कोंडून ठेवलं, गोळ्या खायला लावल्या, इंजेक्शनं दिली. २०१३ पासून चीनमध्ये मानसिक आरोग्याचा कायदा आहे. जो स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका नाही, त्याला इच्छेविरुद्ध दाखल करता येत नाही असं तो म्हणतो. त्याच आधारे २०१७ मध्ये न्यायालयानं रुग्णालयाला माफी मागायला आणि ५,००० युआन द्यायला सांगितलं, तेव्हाच्या भावानं पन्नास हजार रुपयांच्या आतबाहेर.

या बायकोचा राग येतो खरा. पण तिच्या जागी उभं राहून पाहा. ज्याला रोग म्हणतात असं तिनं जन्मभर ऐकलं, त्यावर ती डॉक्टर शोधायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तरी तिला घरी पाठवायचं होतं. पुस्तकंही अशीच. एका पाठ्यपुस्तकात समलिंगी असण्याला मानसिक विकार म्हटलं होतं, म्हणून एका विद्यार्थिनीनं दावा लावला. २०२१ मध्ये तो फेटाळला गेला. हे मत आहे, छपाईतली चूक नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

खरा उपचार असतो तो डिप्रेशनवर. गोळ्या आहेत, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. बोलून करायचे उपचार आहेत. पण त्यासाठी डॉक्टरसमोर खरं बोलता यायला हवं, आणि चीनमधला पुष्कळ रोगी तिथंही ‘नोकरीचा ताण आहे’ असं सांगून परततो. बीजिंगमध्ये २००८ पासून एक केंद्र होतं, ते अशा लोकांना सल्ला देई आणि समुपदेशकांना शिकवूनही तयार करी. मे २०२३ मध्ये ते बंद झालं. गेल्या काही वर्षांत अशी बरीच दारं मिटली आहेत.

एक गोष्ट विसरू नये. लपवाछपवी संपली म्हणजे आजार आपोआप पळतो असंही नाही. हाँगकाँगचा लाडका नट आणि गायक लेस्ली चंग यानं १९९७ मध्ये भर कार्यक्रमात आईबरोबर आपल्या जोडीदारालाही गाणं अर्पण केलं होतं. पैसा, कीर्ती, वर्षानुवर्षांची सोबत, सगळं होतं. तरी डिप्रेशननं त्याला गाठलं आणि १ एप्रिल २००३ रोजी त्यानं आयुष्य संपवलं, वय अवघं ४६. लोक भलभलती कारणं शोधत बसले. हा मेंदूचा आजार होता असं घरच्यांनी सांगितलं, आणि निधनाच्या जाहिरातीत पत्नीचं नाव जिथं यायचं तिथं त्या जोडीदाराचं नाव छापलं.

आयांची फळी

ग्वांगझू शहरातल्या वू यौच्येन बाईंचा मुलगा समलिंगी. त्यानं घरी सांगितलं तेव्हा बाईंनी आकांत केला नाही. २००५ च्या सुमारास त्या मुलाच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहून दूरचित्रवाणीवर बोलल्या. चीनमध्ये असं करणारी ही पहिलीच आई. मग फोन यायला लागले, मुलांचे आणि त्याहून जास्त आयांचे. २००८ मध्ये त्यांनी आणि अ-छ्यांग नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका कार्यकर्त्यानं अशा पालकांची संघटना काढली, तिच्या बैठका गावोगावी होऊ लागल्या. आईला आईच समजावते, हे तिचं सगळं तंत्र.

नवीन आलेल्या आईचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं, “माझं काय चुकलं?” मी फार लाड केले का, याचे वडील परगावी असत म्हणून का, गरोदरपणी काही खाल्लं का. जुन्या आया तिला रडू देतात. मग सांगतात, तुझं काही चुकलं नाही, मुलाचंही नाही. त्याला लगेच जवळ घेता आलं नाही तर नको घेऊ, पण ‘त्यापेक्षा मेला असतास तर बरं’ एवढं वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस, कारण तो ते विसरणार नाही. जेवायला वाढ. झोपतो का, खातो का, बघ. वडिलांना कधी सांगायचं ते त्यालाच ठरवू दे. आणि शेजारणीनं स्थळ आणलं तर ‘त्याचा विचार नाही’ म्हणून तिथल्या तिथं परत पाठव. त्या स्थळाच्या मुलीलाही आई आहे.

सगळ्याच आया ऐकतात असं नाही. काही एका बैठकीनंतर फिरकत नाहीत. काही तीन वर्षांनी परत येतात.

मुलाला जवळ केलं तरी आईला एक काळजी राहतेच, “आमच्या माघारी याला कोण? इस्पितळात सही कोण करील?” चीनमध्ये अशा जोडप्यांना लग्न करता येत नाही. शेजारच्या तैवाननं २४ मे २०१९ पासून ती वाट मोकळी केली, चीननं नाही. पण २०१७ पासून तिथल्या दिवाणी कायद्यात एक कलम आलं आहे. कुठलाही प्रौढ माणूस शुद्धीत असताना लेखी करार करून आपला पालक नेमून ठेवू शकतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. मूळ सोय म्हाताऱ्या माणसांसाठी. आता तरुण समलिंगी जोडपीही नोटरीकडे जाऊन हा कागद करून घेतात. ऑपरेशनची वेळ आली तर संमतीच्या फॉर्मवर जोडीदाराला सही करता येते. नोटरीच्या टेबलाशी सोबत म्हणून कधीकधी एखाद्याची आईही येऊन बसते.